गडग्यावरचा कुकारो

आमच्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना आवाज होता. बाबा खळ्यात उभे राहून बैलांशी बोलत तेव्हा खालच्या पाणंदीने जाणारा माणूस आपल्यालाच काही विचारलं असं समजून उत्तर देऊन जाई. आई कोंबड्यांशी, चुलीतल्या ओल्या लाकडांशी आणि ताकाच्या रवीशी दिवसभर हुज्जत घालत असे. आणि सुंदरकाकी, म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको, तिच्याबद्दल काय सांगू? ती मागच्या दारी कुजबुजली तरी पुढच्या पडवीत बसलेला पाहुणा पान खाता खाता थांबे. काका मुंबईला गिरणीत होते. त्यांना पत्र लिहायचं निघालं की काकी म्हणायची, "कागद कित्याक वाया घालवतास? मी हयसून हाक मारलंय तर तेंका थंय ऐकाक जातला." मी मात्र ओठातल्या ओठात बोलायचे. शाळेत गुरुजींनी नाव विचारलं की मी सांगायचे, आणि गुरुजी शेजारच्या मुलीला विचारायचे, "काय म्हणाली गं ही?" चौथीच्या पुढची शाळा लांब होती, म्हणून मग मी घरीच राहिले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. घरात मला हळूबाय म्हणत. नाव अर्थातच काकीने ठेवलेलं.

नात म्हणते, "आजी, लिहीत कशाला बसतेस? मोबाईलवर बोल, तो आपोआप लिहून घेतो." तिला काय सांगणार. बोलायचंच असतं तर लिहायला बसले असते का? दुपारी भांडी झाली की मी पडवीत बसते आणि जेवढं आठवेल तेवढं लिहिते. आज सकाळी सड्यावरून जळक्या गवताचा वास आला, म्हणून हे आठवलं.

तिळगूळ खाऊन संपला, सकाळचं दंव कमी व्हायला लागलं की आमच्या घरात सड्याची बोलणी सुरू होत. पेजेच्या वेळेला होत. आई मातीच्या मडक्यातली उकड्या तांदळाची पेज ताटल्यांत वाढायची, निखाऱ्यावर सुका बांगडा टाकायची, आणि त्याचा वास घरभर झाला की मांजर आणि बाबा एकदमच चुलीपाशी येत. सडा म्हणजे आमच्या मागची चढण चढून गेल्यावर लागणारा कातळाचा मोठा माळ. पावसाळ्यात तो फुलांनी भरलेला असे. दिवाळीनंतर त्याचं गवत पिवळं पडे, मग पांढरं होई, आणि इतकं सुकं होई की त्यातून ससा गेला तरी कुणी कागद चुरगाळल्यासारखा आवाज येई. कुठे कुणाची विडी पडली, कुणी मधाच्या पोळ्याला धूर केला, की वणवा उठायचा आणि दुपारच्या वाऱ्यावर बसून थेट वाडीवर उतरायचा. म्हणून वाडीतली माणसं दरवर्षी आपणच आधी थोडं गवत जाळून ठेवत. जांभ्या दगडांच्या बुटक्या भिंतीला आमच्याकडे गडगा म्हणतात. सड्याच्या कडेने असा एक लांबलचक गडगा होता. त्याच्या पलीकडच्या गवताच्या एका पट्ट्याच्या दोन्ही कडा कापून, पाला खोऱ्याने ओढून तिथली जमीन उघडी करायची, आणि मधला पट्टा सगळ्यांनी मिळून, हातात पाल्याच्या ओल्या फांद्या घेऊन, म्हणजे टाळे घेऊन, जाळून टाकायचा. मग पुढे उन्हाळ्यात वणवा आला तरी त्या काळ्या पट्ट्यापाशी त्याला काही मिळत नसे. बाबा म्हणत, "वणवो म्हणजे उपाशी पावणो. पानात काय नाय दिसला काय आपणच उठान जाता."

हे सगळं काम वाऱ्याचं. आमच्याकडे सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो. दुपार व्हायला आली की तो थकतो, थोडा वेळ अगदी पडतो, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. समुद्र आमच्या घरातून दिसत नव्हता, पण वारा रोज तिथला वास आणून देई. पट्टा जाळायचा तो सकाळच्या वाऱ्यावर. तेव्हा ज्वाळा घराकडे पाठ करून उघड्या कातळाकडे जातात आणि तिथे भूक मारून विझतात. धूर सरळ उभा राहिला की समजायचं, वारा आता फिरणार. त्याच्या आत सगळं आटपलं पाहिजे, नाही तर तीच आग तोंड फिरवून घराकडे येते.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन, त्या वर्षी आईचा सगळा जीव त्या पट्ट्यात अडकला होता. गडग्याच्या अलीकडे, आमच्या बाजूच्या उतारावर, तिच्या काजी होत्या. काजी म्हणजे काजूची झाडं. लग्न होऊन आली तेव्हा तो उतार नुसता दगडगोट्यांचा होता. माझे आजोबा हसून म्हणाले होते, "थंय कांटां पण वाकडीच वाडतत." आईने पावसात बिया पुरल्या आणि दोन उन्हाळे व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, डोहातून कळशी कळशी पाणी डोक्यावरून वर नेलं. झाडं माझ्या खांद्याला लागली, आणि मी चौथीत होते त्या वर्षी वणवा आला. दुपारी शाळेतून आले तर उतार काळा आणि आई खळ्यात बसलेली. ती कोंबड्यांशी बोलली नाही. चुलीवर रागावली नाही. आपण गप्प असतो तेव्हा घर दुसऱ्यांना कसं वाटत असेल, ते मला त्या आठवड्यात कळलं. पुढच्या पावसात ती पुन्हा बियांची टोपली घेऊन वर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "हयच्या काजींचे गर चुलीर चढल्याशिवाय मी काजू तोंडात घालूचंय नाय." आणि खरंच, फाल्गुनात शेजारीपाजारी ओल्या काजूच्या उसळी होत, आमच्याकडेही कुणी कुणी गर आणून देई, आई त्यांची उसळ करायची, ओलं खोबरं, गरम मसाला सगळं घालून, आम्हाला वाढायची, आणि स्वतः कुळथाच्या पिठीशी भात जेवायची. काकी म्हणे, "वैनी, देवाक काय दिसता नाय, एक गर खा." आई पानातून मान वर करत नसे.

आणि आता, पाच पावसाळ्यांनंतर, त्या काजींना पहिला मोहर आला होता.

तो जुना वणवा कुठून आला हे सगळ्या गावाला माहीत होतं. आमची वाडी व्हाळाच्या अलीकडे, आणि व्हाळाच्या पलीकडे पलतडवाडी. आम्ही आमच्यापुरता पट्टा जाळत होतो, ते त्यांच्यापुरता. वर सड्यावर, जिथे व्हाळ सुरू होतो, तिथे मधला माळ होता. तो आमचा की त्यांचा हे कधी ठरलंच नाही. आम्ही म्हणायचो त्यांनी जाळावा, ते म्हणायचे आम्ही. गवत मात्र कुणाची वाट बघत नाही, ते तिथे पुरुषभर वाढे. वणवा त्याच माळावरून आला, सुक्या व्हाळातून खाली उतरला, अलीकडे आईच्या काजी खाल्ल्या आणि पलीकडे त्यांच्या गवताच्या उडव्या. तेव्हापासून दोन वाड्या बोलेनाशा झाल्या. लग्नकार्याला जात, पण पंगतीत पाठ करून बसत. मधला माळ तसाच राहिला, कारण आता तो जाळणं म्हणजे चूक आपली होती असं कबूल करणं.

आता काकीचा आवाज कसा गेला ते सांगते. पट्टा जाळताना एक माणूस गडग्यावर उभा ठेवायचा अशी रीत होती. बाकी सगळे धुरात आणि ज्वाळांत असतात, त्यांना पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. ठिणगी उडून गडग्याच्या आत पडली तर वरच्या माणसाने कुकारो घालायचा. कुकारो म्हणजे पोटातून काढलेली लांब हाक, कूऽऽऽ अशी, या टेकाडावरून त्या टेकाडावर पोचणारी. हे काम वर्षानुवर्षं काकीचं होतं. पण पट्ट्याच्या आदल्या रात्री शेजारच्या गावी जत्रा होती आणि जत्रेत दशावतार. नाटकात राक्षस राजाच्या पाठीमागे दबा धरून बसला, आणि काकीला ते सहन होईना. ती उभी राहून ओरडली, "अरे राजा, मागे बघ मेल्या!" राजाने बघितलं नाही, कारण त्याला बघायचं नव्हतं. राक्षस रात्रभर कुठे ना कुठे लपत राहिला आणि काकी रात्रभर ओरडत राहिली. पहाटे घरी आली तेव्हा तिच्या गळ्यातून भात्यासारखी नुसती हवा निघत होती.

सकाळी खळ्यात वाडी जमली. गडग्यावर कोण, हा प्रश्न आला. ज्याला कुकारो येतो त्याचे हात आगीपाशी हवे होते. कुणीतरी चेष्टेत म्हणालं, "हळूबायक ठेवा." सगळे हसले. आमच्या वाडीचे गावकारआजो, सगळ्यात वडील माणूस, तेही हसले आणि म्हणाले, "उजो लागलो तर ता चेडू चलत येवन एकेकाच्या कानात सांगतला." उजो म्हणजे आग, आणि ते चेडू, म्हणजे मुलगी, मी. मी दाराआड होते. मलाही हसू आलं, कारण मी तसंच केलं असतं. पण आई टाळे बांधता बांधता म्हणाली, "तिचे डोळे बरे आसत. तिकाच ठेवा." आईच्या काजींचा प्रश्न होता, त्यामुळे तेच ठरलं. बाबांनी मला रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी दिली. "आवाज नाय फुटलो तर ह्यो बडय." काकीने मला बाजूला ओढलं, गुळाचा खडा तोंडात कोंबला, माझ्या पोटावर हात दाबला आणि त्या हवेच्या आवाजात म्हणाली, "गळ्यातसून नाय गो. हयसून."

वर जाऊन लगेच आग घालायची, तर तसं नव्हतं. आधी गाऱ्हाणं. गडग्यापाशी नारळ ठेवून गावकारआजो देवाला सगळं सांगणार, आणि प्रत्येक वाक्यानंतर आम्ही सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. आजो उभे राहिले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां सड्यार उजो घालूक जमली आसत…"

"व्हय म्हाराजा!"

"तो उजो तुझ्या पायाशी ऱ्हवांदे. कोणाच्या पायाक चटको लागाक देव नको…"

"व्हय म्हाराजा!"

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण वाडी एकत्र जमली आहे आणि देव ऐकतो आहे, तर बाकीचंही सांगून घ्यावं असं आजोंना वाटलं असावं. कुणाची गाय लाथ मारत होती, ते आलं. कुणाच्या झिलाचं, म्हणजे मुलाचं, मुंबईहून पत्र नव्हतं, ते आलं. कुणाच्या चेडवाचं लग्न जमत नव्हतं, तिचं नाव गाव गोत्रासकट आलं आणि ती बिचारी टाळ्यामागे तोंड लपवून उभी राहिली. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं. बाबा एक डोळा आभाळाकडे लावून व्हय म्हाराजा म्हणत होते, दर वेळी जरा लवकर. एकदा तर ते आजोंचं वाक्य पुरं व्हायच्या आतच म्हणाले. आजोंनी डोळे उघडले, बाबांकडे बघितलं, पुन्हा मिटले आणि ते वाक्य पहिल्यापासून सुरू केलं. काकी नुसते हात हलवून व्हय म्हाराजा करत होती. अजूनही आमच्याकडे कुणी लांबण लावली की आम्ही म्हणतो, वारो फिरतलो हां. नातवंडांना वाटतं पावसाचं काहीतरी आहे.

शेवटी नारळ फुटला आणि आग लागली. काय सुंदर असते ती! बारीक, खुजी, गवताच्या मुळाशी सरपटत जाणारी, आणि कुणी नवं लुगडं फाडावं तसा तिचा आवाज. माणसं एका ओळीत, टाळे हातात, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडं हसरी. कुणी शिव्या घालतंय, कुणी गातंय. आई ओळीच्या टोकाला होती, काजींच्या सगळ्यात जवळ. धुरापुढे किडे उडत आणि काळे कोतवाल पक्षी हवेतल्या हवेत ते टिपत, आमच्यापेक्षा त्यांचीच जत्रा मोठी होती. मी गडग्यावर उभी, डबा पायाशी. एकदा पुढे बघायचं, एकदा पाठीमागे काजींकडे. काजींचा मोहर गुलाबी दिसत होता आणि धुरातूनही त्याचा गोडसर वास येत होता.

अर्ध्याहून अधिक पट्टा काळा झाला होता. तेवढ्यात धूर उभा राहिला. पार सरळ, देवळातल्या दीपमाळेसारखा. लुगडं फाडल्याचा आवाज मंद झाला. धुरातल्या माणसांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं आग शांत झाली, म्हणून कुणीतरी विडीसुद्धा काढली. मला मात्र वरून दिसत होतं की कोतवाल एकेक करून उडाले आणि माझ्या डोक्यावरून काजींच्या बाजूला येऊन बसले. मग माझ्या तोंडाला वारा लागला. ओला, मिठाचा, सुकत घातलेल्या मासळीच्या वासाचा. समुद्र आला होता.

एक पेटतं पान उडालं. मोठं, कुंभ्याच्या झाडाचं असावं. ते सावकाश गेलं, फिरत फिरत, जसं काही बसायला जागा शोधत होतं. गडगा ओलांडून ते खाली उतरलं आणि काजींच्या वरच्या रांगेपाशी, सुक्या गवतात बसलं. जरासा धूर निघाला, मग पिवळी जीभ.

मी डबा उचलायला वाकले. घाईत काठीचा धक्का लागून डबा गडग्यावरून घरंगळला आणि करवंदीच्या जाळीत जाऊन पडला. तोंड उघडलं तर काकीसारखी नुसती हवा निघाली. खाली आई होती, पाठमोरी, टाळा झोडपत. तिला काही दिसत नव्हतं. मी पोटावर हात ठेवला, काकीने ठेवला होता तसा. पुढचं मला आठवतं ते असं, की कुठूनतरी एक आवाज आला, मोठा, उंच, न थांबणारा, आणि मला वाटलं काकीचा गळा सुटला. मग लक्षात आलं की काकी धुरातून मान वर करून माझ्याकडे बघते आहे आणि तिचं तोंड बंद आहे.

"कूऽऽऽ! उजोऽऽ! उजो भायर पडलोऽऽ! काजींतऽऽ!"

आई वळली. ती कशी धावली! गडगा तिने चढून ओलांडला की उडी मारून, कुणालाच सांगता आलं नाही. तिच्यामागे बाबा, मग सगळे. पण वारा आता पुरता फिरला होता आणि उरलेला पट्टाही तोंड फिरवून उभा राहिला. आगीचा एक फाळ सरळ मधल्या माळात शिरला. तिथल्या पुरुषभर गवतात शिरलेली आग व्हाळातून फिरून खालून काजींकडे येणार, हे मला वरून स्वच्छ दिसत होतं, आणि सगळे वरच्या रांगेपाशी गुंतले होते. मी पुन्हा कुकारो घातला. तिसऱ्यांदा घातला. आता जमायला लागलं होतं, थांबावंसं वाटेना.

आणि व्हाळाच्या पलीकडून उत्तर आलं. "खंय गोऽऽ? खंयऽऽ?"

बाईचा आवाज होता. मी हात लांब करून ओरडले, "मधल्या माळाऽऽर! व्हाळाच्या तोंडाऽऽर!" मग पलतडवाडीची माणसं झाडीतून वर येताना दिसली. जेवणावरून उठून आलेली असावीत, कुणाचा हात तसाच खरकटा. सगळ्यांच्या पुढे एक उंच बाई, पदर खोचलेला, दोन्ही हातांत टाळे. ती चंद्राकाकू, पलतडवाडीत मोठ्या फणसाच्या घरची. मी वरून वाट दाखवत होते आणि ती खालून ओरडत होती, "हय? आणि थंय? अगो, डावीकडे काय उजवीकडे, ता नीट सांग!" जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी मोठ्याने बोलायला सांगत होतं आणि मी बोलत होते. त्यांनी व्हाळाच्या तोंडाशी आग झोडपून झोडपून बसवली. मधला माळ जळला तो तेवढा जळला, पण खाली उतरला नाही. वर आईच्या काजींची वरची रांग थोडी करपली, पानं आखडली. बाकी सगळ्या उभ्या होत्या, मोहरासकट.

मग मोठी मजा झाली. आग विझली आणि दोन्ही वाड्या काळ्या तोंडांनी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कुणी टाळ्याची पानं मोजू लागलं, कुणी खोकलं. गावकारआजोंनी घसा साफ केला तेव्हा बाबा घाबरून म्हणाले, "आजोबा, आता गाऱ्हाणा नको." त्यावर पलतडचा एकजण फिस्सकन हसला, आणि त्याच्या हसण्याने सगळे सुटले. आई पुढे झाली. तिच्या भुवया जळून गेल्या होत्या. ती चंद्राकाकूला म्हणाली, "तुमी इल्यात म्हणान काजी वाचल्यो. पेज खावन जावा."

चंद्राकाकू म्हणाली, "पेज खातंव. पण आदी सांगा, कुकारो कोणी घातल्यान? हो काय सुंदरचो आवाज नाय."

"आमच्या चेडवान."

"खयच्या?"

मी तेव्हा गडग्यामागे खाली बसले होते. काकीने मला दंडाला धरून उभं केलं आणि त्या फाटक्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "मी शिकवलंय! माझ्या हाताखालचा चेडू ता!" सकाळी गुळाचा खडा कोंबला, एवढंच तिचं शिकवणं. पण तिने ते मरेपर्यंत सोडलं नाही.

आमच्या खळ्यात त्या दिवशी माणूस मावेना. मडक्यातली पेज पुरणार नव्हती म्हणून दुसरी चढवली, मग तिसरी. पत्रावळी नव्हत्या, तेव्हा फणसाची पानं दुमडून त्यांनीच पेज ओढली सगळ्यांनी. घरातले सुके बांगडे संपले, शेजारच्या घरातले आले, खारातल्या मिरच्यांची बरणी तळापर्यंत गेली. पंगतीत कुणी पाठ केली नाही. बोलता बोलता मधल्या माळाचंही ठरून गेलं. कुणी वाद घातला नाही, कारण माळ जळून बसला होता आणि तो दोघांनी मिळून विझवला होता. पुढच्या वर्षीपासून दोन्ही वाड्या एकाच सकाळी वर जातील, मधल्या माळापासून सुरुवात करतील, अलीकडच्या गडग्यावर एक माणूस आणि पलीकडच्या गडग्यावर एक. गाऱ्हाणं आदल्या दिवशी संध्याकाळी घालावं अशी सूचना बाबांनी केली. आजो जरा रुसले. पण संध्याकाळी वारा फिरायची भीती नसते, हवं तेवढं बोलता येईल, हे ध्यानात आल्यावर खूश झाले.

आता दोन्ही वाड्यांतली बरीच घरं बंद असतात. गवत कापणारे हात कमी, त्यामुळे ते पूर्वीपेक्षा उंच वाढतं. जंगल खात्याची माणसं शाळेत सभा घेतात, जाळरेषा काढा म्हणतात, पाठीवर यंत्र लावून पाला उडवतात. बरं काम होतं त्याने, लवकर होतं. मोबाईलवर निरोप फिरतो, उद्या पट्टा, सकाळी या. मुंबईहून दोन दिवसांची सुट्टी काढून पोरं येतात आणि धुरात आपले फोटो काढतात. काढू देत. येतात हे काय थोडं आहे. सड्यावर मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे गडग्यावर माणूस अजून लागतो.

त्या वर्षी फाल्गुनात आईच्या काजींवर बोंडं धरली. पहिल्या ओल्या बिया आई आणि मी मिळून फोडल्या. चीक लागून हातांची सालं गेली, राख फासून फासून बोटं काळी झाली. आईने उसळ केली. आम्हाला वाढली, आणि मग स्वतःचं ताट घेऊन बसली. सगळे घास हातात धरून तिच्याकडे बघत होते. काकीसुद्धा गप्प होती, आणि तेव्हा तिचा आवाज परत आलेला होता. आईने एक गर उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"मीठ कमी पडला," ती म्हणाली. आणि वाटी बोटाने पुसून संपवली.

मग तिने एक मोठी वाटी भरली, त्यावर केळीचं पान झाकलं आणि मला म्हणाली, "जा, पलतडच्या चंद्राकाकूक देवन ये." मी व्हाळ ओलांडून गेले. मोठ्या फणसाचं घर. दार उघडं, आत कुणी दिसेना. पूर्वीची मी असते तर वाटी ओट्यावर ठेवून पळून आले असते. मी उभी राहिले आणि हाक मारली, "काकूऽ, आसात काय गो?" आतून पिठाच्या हातांनी चंद्राकाकू बाहेर आली. मला खालून वर बघितलं आणि हसली.

"तूच ती? त्या दिसा धुरान सगळ्यांची तोंडां काळी. ऐकलंय तुका कदीच. आज नीट बघतंय."

पुढे काही वर्षांनी त्याच घरात मी सून म्हणून गेले. सासूबाई सगळ्यांना सांगत, लोक सून बघूक जातत, मी आमची सून आदी ऐकलंय आणि मगे बघलंय. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडचे घावणे खात बसले आणि उशीर झाला. निघाले तेव्हा ऊन सड्याआड गेलं होतं आणि काळ्या पट्ट्यावर कोवळं हिरवं गवत वर आलेलं दिसत होतं. तेवढ्यात व्हाळापलीकडून आईचा कुकारो आला. उशीर झाला की ती अशीच हाक मारी, आणि मी धावत सुटायचे, कारण उत्तर द्यायची माझी रीत नव्हती. त्या दिवशी मी तिथेच थांबले. रिकामी वाटी दगडावर ठेवली, पोटात वारा भरून घेतला आणि ओ दिली. पलतडवाडीची कुत्री एकदम भुंकायला लागली, आणि आमच्या उतारावर, काजींच्या आसपास कुठेतरी, कुणीतरी मोठ्याने हसलं. ती काकी असणार. एवढं मोठं हसणं त्या गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.